लहानपणी कधी बघितलीच नाही त्या मालिकेची आठवण कशी काय येते?

सातारकर_८५

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हे डोक्यात घोळतंय म्हणून टाकतोय, जरा लांबलंय पण वाचा.

माझा जन्म साताऱ्यातला, १९८५ चा. आमच्याकडं चौदा इंची ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही होता आणि त्याच्या काचेवर तो रंगीत प्लास्टिकचा कागद लावलेला, वर निळा, मधे तांबूस, खाली हिरवा, म्हणजे कोणी जवळ आलं की कपाळ निळं आणि छाती हिरवी. त्या टीव्हीवर १९९७ ला शक्तिमान बघितला आणि १९९८ ला कॅप्टन व्योम, अंतराळातल्या गोष्टींचा, मिलिंद सोमणवाला, केतन मेहतांनी केलेला. मी तेरा वर्षांचा होतो. व्योमसाठी मी क्लास बुडवलेत आणि त्याबद्दल मारही खाल्लाय.

मागच्या महिन्यात व्योमचे भाग नेटवर सापडले आणि रात्री दीड वाजेपर्यंत बघत बसलो. ग्राफिक्स आता कळतात, हेल्मेट कळतात, मागं काय आहे ते कळतं, तरी घसा दाटून आला. हे मी समजू शकतो, लहानपणचं आहे, येणारच.

पण त्याच्यानंतर जे झालं ते मला कळत नाहीये. एका मित्रानं बीबीसीची जुनी डॉक्टर हू बघायला सांगितली, ती पण यानातनं फिरण्याचीच मालिका, १९६३ ला सुरू झालेली. मी ती जन्मात बघितलेली नव्हती, ते इंग्रजी निम्मं डोक्यावरून जातं, सबटायटल लावून बघतोय. यानाचा एकच कॉरिडॉर असतो, माणसं त्यातनं पळत जातात आणि पुढच्या सीनला तोच कॉरिडॉर उलटीकडनं दिसतो. दार आपटलं की भिंत हलते. आणि हे बघताना मला डिट्टो तेच झालं जे व्योम बघताना झालेलं. म्हणजे रविवारची दुपार, आत कुकरच्या शिट्ट्या, आजोबा पेपर तोंडावर घेऊन झोपलेले, सगळं तसंच्या तसं समोर. अहो पण मी ही मालिका तेव्हा बघितलीच नाहीये ना! मग आठवण कशाची येतेय?

आताच्या करोडो रुपये ओतलेल्या मालिका पण मी बघतो आणि मला आवडतात, त्यातल्या काही तर जबरदस्त आहेत. पण त्या बघून असं होत नाही. तुमच्यापैकी कोणाला असं होतं का, आणि का होत असेल, मनापासून सांगा.

अजिंक्यताऱ्याखाली

सातारकर, तुमच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा आहे, म्हणजे मी तुमच्या आधीचं बघितलंय. ऐंशीच्या दशकात स्टार ट्रेक ही अमेरिकन अंतराळ मालिका दूरदर्शनवर इंग्रजीत लागायची, तो जपानी जायंट रोबॉट लागायचा ज्यातलं पोरगं मनगटावरच्या घड्याळात बोलून रोबॉटला हाक मारायचं, मग आपल्याकडची स्पेस सिटी सिग्मा आली, कॅप्टन तारा हे नाव आठवतं का कोणाला, आणि १९८९ ची इंद्रधनुष, ज्यात पोरं घरी कॉम्प्युटर जोडतात. तेव्हा आमच्या आळीत कॉम्प्युटर कोणी डोळ्यांनी बघितला नव्हता. आम्ही चपलेच्या खोक्यावर बटणं काढून कॉम्प्युटर कॉम्प्युटर खेळायचो.

आता मुद्द्याचं सांगतो कारण मी टीव्ही रिपेअरिंगमध्ये आयुष्य काढलंय. तेव्हाचं चित्र ६२५ ओळींचं, त्यातल्याही काही ओळी दिसायच्याच नाहीत, आणि एका वेळी निम्म्याच ओळी यायच्या, आधी एकाआड एक, मग राहिलेल्या, सेकंदाला पन्नास वेळा. त्यात पिक्चर ट्यूबच्या कडा मऊ. त्यात आपला सिग्नल. किल्ल्यावर टीव्हीचा टॉवर डोळ्यांसमोर असून आमच्या बोळात घरं आडवी यायची त्यामुळं मुंग्याच मुंग्या. एक जण पत्र्यावर, एक जण दारात, एक जण टीव्हीसमोर, आणि आरोळ्या, आलं का, नाही, आता, आलं आलं, गेलं, थांब थांब तिथंच धरून ठेव! धरून ठेवणाऱ्याला मालिका बघायला मिळायची नाही, त्याला नंतर सांगायला लागायची. मी कितीतरी भाग असे नुसते ऐकलेत, भावानं सांगितलेले.

सेट करणाऱ्यांना हे सगळं पक्कं माहीत होतं हो. चौदा इंचावर जे दिसणार नाही ते रंगवायचं कशाला. आता तुम्ही पंचावन्न इंची एलईडीवर लावता आणि म्हणता खिळा दिसला, भिंत हलली. तो खिळा त्यांनी तुम्हाला दाखवलेलाच नव्हता. मुंग्यांच्या मागं जे असायचं ते आपण आपल्या मनानं भरायचो, आणि माझ्या मते तुमची आठवण त्या भरण्याची आहे. डॉक्टर हू बघताना तुमचं डोकं परत तेच काम करायला लागलं, इतक्या वर्षांनी.

पुस्तकवेडी_मिरज

दादा, काका, दोघांचं वाचलं. मला थोडं वेगळं वाटतंय आणि थोडं भांडायचं पण आहे.

पहिली गोष्ट, स्वस्तातलं सगळं गोड नसतं. आपल्या लहानपणच्या एका मालिकेचं मी नाव घेत नाही, मागच्या दिवाळीत लावली आणि वीस मिनिटांत बंद केली, वाईट वाटलं, पण त्यात काहीच नव्हतं. तीच भिंत हलत होती, तेच थर्माकोल होतं, तरी मला काही झालं नाही. म्हणजे फक्त कमी पैसा आणि फक्त जुनेपणा यानं भागत नाही.

ज्या टिकल्यात त्या लिहिण्यामुळं टिकल्यात. पैसा नसला की लिहिणाऱ्याला रस्ता काढावा लागतो आणि तो रस्ता पुढं गोष्टीचा सगळ्यात भारी भाग होऊन बसतो. १९६६ च्या स्टार ट्रेकमध्ये ठरलेलं की दर आठवड्याला यान ग्रहावर उतरताना दाखवायचं, पण ते परवडेना, म्हणून माणसं जागच्या जागी विरघळून खाली ग्रहावर उमटतात असं काढलं. आज जगभर लोकांना ती मालिका म्हटलं की तेच आठवतं! आणि ते चमचमणं काय होतं, तर ॲल्युमिनियमची पावडर उजेडाच्या झोतात पाडून तिचं शूटिंग केलेलं. त्यातल्या डॉक्टरच्या हातातली उपकरणं म्हणजे मिठाच्या डब्या, मीठ शिंपडायच्या. एका भागासाठी भविष्यातली वाटेल अशी मिठाची डबी पाहिजे होती, प्रॉपवाल्यानं बाजारातनं नवीन फॅशनच्या डब्या आणल्या, त्या इतक्या अनोळखी दिसायला लागल्या की बघणाऱ्याला ही मिठाची डबी आहे हेच कळलं नसतं, म्हणून मग त्या डॉक्टरला दिल्या.

तुमच्या डॉक्टर हूचं पण तसंच. ते यान खरं तर जिथं जाईल तिथल्यासारखं रूप घेणारं, पण दर वेळी नवीन रूप बांधायचं म्हणजे खर्च, म्हणून पहिल्याच गोष्टीत सांगून टाकलं की यंत्र बिघडलंय आणि ते लंडनच्या निळ्या पोलीस पेटीच्या रूपात अडकलंय. साठ वर्षं झाली, अजून अडकलंय. आता विचार करा, पैसा असता तर दर आठवड्याला वेगळं यान दिसलं असतं आणि आपल्या लक्षात एकही राहिलं नसतं.

दोन माणसं, एक खोली, बाहेर काहीतरी आहे जे दाखवायला परवडत नाही म्हणून ती माणसं फक्त दाराकडं बघतायत. एवढ्यावर पाऊण तास धरून ठेवायचं म्हणजे लिहायला येत असावं लागतं. मला वाटतं दादा, तुमचं मन त्या दाराकडं बघण्यावर बसलंय.

कराड_०३

मला तर नाही होत असं. बाबांनी व्योम लावलेलं, मी अर्ध्यातनं उठलो, सॉरी. पण वर काकांनी म्हटलाय तो जपानी रोबॉट मी नेटवर लावला आणि सलग दोन तास बघितला. कारण त्यात माणूस रोबॉटचा ड्रेस घालून खऱ्याखुऱ्या छोट्या बिल्डिंगा तुडवतोय. बिल्डिंग पडते तेव्हा खरंच काहीतरी पडतं, धूळ खरी उडते. कॅमेरा जास्त स्पीडनं चालवून शूट करतात आणि मग नॉर्मल स्पीडला दाखवतात म्हणून पडणं सावकाश दिसतं आणि फूटभर उंचीची बिल्डिंग दहा मजली वाटते. मी ॲनिमेशन शिकतोय, आमच्याकडं सगळ्यात अवघड काय असेल तर वस्तूला वजन आहे असं वाटायला लावणं. तिथं ते फुकटात येतंय. माझ्यासाठी यात नॉस्टॅल्जिया काही नाहीये, पण खेच आहे हे खरं.

देखावेवाला_सांगली

मी इथं वाचत असतो, लिहित नाही. पण आज राहवलं नाही.

मी वायरमन आहे, गावभागात राहतो, आणि गेली तीस वर्षं गणपतीत हलते देखावे करतो. त्यामुळं सातारकर दादांचा प्रश्न वाचल्या वाचल्या मला उत्तर हातात असल्यासारखं वाटलं, फक्त ते नीट सांगता यायला पाहिजे.

व्योम चालू होतं त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या मंडळाची पोरं धरून बसली की यंदा अंतराळस्थानक करायचं. पैसे किती, तर मांडवाचे देऊन जे उरतील ते. प्लायवूड भाड्यानं. बाकी सगळं थर्माकोल, तेव्हा बंदी नव्हती, ती २०१८ ला आली. थर्माकोल आम्ही तापलेल्या तारेनं कापायचो, हिटरची तार ताणून बसवायची, ट्रान्सफॉर्मरवरनं कमी व्होल्टेज द्यायचं, तार लाल व्हायच्या आत थर्माकोल लोण्यासारखं कापलं जातं आणि कडा गुळगुळीत येते. वास मात्र डोक्यात जातो, उघड्यावरच करायचं. तर सगळा सांगाडा झाला आणि गणपतीच्या आदल्या रात्री एका पोरानं हौसेनं चंदेरी स्प्रे आणला आणि मारला. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहिताय काय होतं, आधी फेव्हिकॉलचा किंवा डिस्टेंपरचा हात न मारता थर्माकोलवर तसला रंग मारला की थर्माकोल विरघळतं. अख्ख्या भिंतीला खड्डे पडले. रात्रीचे दोन वाजलेले, पोरगं रडायला आलेलं. आमच्यातल्या एका म्हाताऱ्यानं, सुतार होते ते, खालनं एक बल्ब तिरका धरला आणि म्हणाले, अरे हा चंद्र झालाय, भिंत कुठं राहिली. मग आम्ही स्थानक आत सरकवलं आणि खड्ड्यांचा भाग पुढं जमिनीवर आडवा टाकला. त्या वर्षी लोक नुसती ती जमीन बघायला येत होते, कशी केली विचारत होते.

सरकतं दार ट्रकच्या वायपरच्या मोटारीवर, भंगारातनं आणलेली, बारा व्होल्टची. बटणांच्या जागी सोड्याच्या बाटल्यांची बुचं, मेलेले रिमोट, कॅल्क्युलेटर. दिव्यांची पळापळ कशी, तर लाकडी रूळ मोटारीवर फिरतोय, त्याच्यावर तांब्याच्या पट्ट्या तिरक्या ठोकलेल्या, जी पट्टी टेकेल तेवढी माळ पेटते. सर्किट बिर्किट काही नाही.

आता हे मी तीस वर्षं डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगतो. मी पोरांना मागं येऊ देतो. पडद्यामागं येऊन ते वायपरची मोटार बघतात, रूळ बघतात, बुचं बघतात. बाकीची मंडळं म्हणतात की असं केलं तर मजा जाते. जात नाही. मागं येऊन गेलेलं पोरगं परत पुढं जातं आणि पहिल्यापेक्षा जास्त वेळ उभं राहतं. दार सरकलं की दुसऱ्याला कोपरानं ढोसतं, बघ बघ आता उघडणार. त्याला मोटार माहिताय आणि दार पण खरं वाटतंय, दोन्ही एकाच वेळी. मोठ्या सिनेमात तुम्हाला मागं जाताच येत नाही, तिथं मागं काय कॉम्प्युटरच आहेत. या मालिकांमध्ये पुढं बसल्या बसल्या मागचं दिसतं. भिंत हलली म्हणजे कोणीतरी ती उभी केलीय, कोणीतरी तिकडनं धरलीय.

स्टार ट्रेकमधली ती आपोआप सरकणारी दारं बाजूला लपून माणसं ओढायची, हे मला कळलं तेव्हा काय आनंद झाला सांगू. आणि डॉक्टर हू मधले ते डॅलेक, म्हणजे त्यातले यंत्रासारखे दुष्ट, मी पहिल्यांदा बघितले तेव्हा हसू नाही आलं, हात जोडावेसे वाटले. आत माणूस बसलाय, खाली चाकं, चाकं दिसू नयेत म्हणून घेर जमिनीपर्यंत, आणि हाताच्या जागी काय तर मोरी तुंबल्यावर वापरतो तो रबरी पंप! आणि त्याला पोरं घाबरून सोफ्यामागं लपायची म्हणतात. आपल्या सांगलीत १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं, त्या नाटकांत राक्षस तोंडं रंगवून आरडाओरडा करत यायचे, त्यावरनं लोक त्या नाटकांना अललडुर्र म्हणायचे. रंग दिसतोय, शेजारच्या आळीतलाच माणूस आहे हे पण माहिताय, तरी पोरं आईच्या पदरात. हे तेच आहे.

म्हणून दादा मला काय वाटतं, तुम्हाला मालिकेची आठवण येत नाहीये. तुम्ही ते हात ओळखताय. ते हात तुम्ही साताऱ्यात गणपतीत बघितलेत, शाळेच्या गॅदरिंगमध्ये बघितलेत, पुठ्ठ्याची तलवार आणि बेगडाचा मुकुट. लंडनमधला माणूस पण तसाच रात्री दोन वाजता काहीतरी विरघळलं म्हणून डोक्याला हात लावून बसलेला असणार.

सातारकर_८५

देखावेवाले दादा, तुमचं तीनदा वाचलं. बायकोला वाचून दाखवलं.

काकांचं आणि ताईंचं पण पटतंय, पण हात ओळखणं हा शब्द मला सापडत नव्हता. आमच्या गॅदरिंगला मी यमाचा रेडा झालेलो, पोत्याचा, आतनं काही दिसायचं नाही, बाहेरनं एक जण दिशा सांगायचा. त्या पोत्याचा वास मला डॅलेक बघताना आला असं म्हटलं तर वेड्यात काढाल, पण आला.

एक सांगा, आवाजाचं काय? त्या निळ्या पेटीचा येतानाचा जातानाचा आवाज आहे ना, घर्रर्र घुंईई असा काहीतरी, तो ऐकला की अंगावर काटा येतो, आणि तो काही दिसत नाही, त्यात हात कुठं दिसणार.

अजिंक्यताऱ्याखाली

त्यातही आहेत. बीबीसीचं रेडिओफोनिक वर्कशॉप म्हणून एक खातं होतं, त्यांचं काम हे. सिंथेसायझर नव्हते. तिथल्या ब्रायन हॉजसननं उघडा पडलेला जुना पियानो घेतला आणि त्याच्या जाड तारेवर घराची किल्ली घासली, तो आवाज टेपवर घेऊन पुढं उलटसुलट केला. आणि टायटलचं संगीत, रॉन ग्रेनरनं लिहिलेलं, ते डेलिया डर्बीशायरनं १९६३ ला टेपचे तुकडे करून जोडलं. एकेक सूर वेगळा रेकॉर्ड, ब्लेडनं कापायचा, मोजून चिकटवायचा. मी टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचो, तुटलेली टेप जोडायला मला एका जोडाला पाच मिनिटं लागायची, तिनं अख्खं गाणं तसं केलंय. टायटलमध्ये ती प्रकाशाची लाट दिसते ना, ती कॅमेरा त्याच्याच मॉनिटरकडं वळवला की जे चित्र चित्रात शिरत जातं ते. दुकानात मी एकदा करून बघितलंय, गिऱ्हाईकाचा हँडीकॅम आणि टीव्ही, तासभर कामाला हात लावला नाही.

आणि एक वाईट गोष्ट सांगतो. त्या काळी व्हिडिओ टेप महाग म्हणून बीबीसीनं साठच्या दशकातले कितीतरी भाग पुसून त्याच टेपा परत वापरल्या. त्यातल्या बऱ्याच भागांचं चित्र गेलं ते गेलं. पण आवाज सगळ्या भागांचा राहिला, का, तर घराघरांत पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून ते भाग उतरवून घेतलेले. माझा भाऊ मला तोंडी सांगायचा म्हटलं ना वर, त्यातलाच प्रकार.

पुस्तकवेडी_मिरज

काका, आमच्याकडं व्हीएचएस होत्या, वडलांनी दूरदर्शनवरनं उतरवून घेतलेल्या, वर पेनानं तारखा घातलेल्या. माहेर सांगलीत, नदीजवळ. २०१९ च्या पुरात गेल्या सगळ्या. पाणी ओसरल्यावर मी एक उघडून बघितली, आत टेपऐवजी गाळाची वडी. तुमचं हे पुसलेल्या टेपांचं वाचून जरा वेळ काही सुचलं नाही.

आणि मग किल्लीचं वाचून सुचलं. मी राहते तिथनं सतारमेकर गल्ली चालत पाच मिनिटांवर. सकाळी जाऊन एका कारागीर काकांना विचारलं की टाकून द्यायची एखादी तानपुऱ्याची खरजाची तार मिळेल का. का पाहिजे ते सांगितल्यावर त्यांनी तार नाही दिली, म्हणाले नुसती तार घेऊन काय करणार, भोपळा पाहिजे ना खाली घुमायला. दुरुस्तीला आलेला एक तडकलेला तानपुरा पुढ्यात ठेवला, खरजाची पितळी तार जरा सैल केली आणि म्हणाले घासा. मी कुलपाच्या किल्लीचे दात तारेवरनं लांबवर ओढले. पहिल्यांदा नुसतं खर्र झालं. त्यांनी माझा हात धरून किल्ली तिरकी केली आणि सावकाश, म्हणाले, दाबू नका. मग आला ओ! मोबाईलवर घेतला, स्पीड निम्मा केला, तोच तुकडा उलटा करून मागं जोडला. डिट्टो नाहीये, त्यांचा पियानो होता, ह्याला मागं एक जवारीची झिणझिण आहे. पण काहीतरी लांबनं येतंय आणि जमिनीवर टेकतंय असं वाटतं. खाली फाइल जोडतेय.

सातारकर_८५

ताई, कमाल आहे. संध्याकाळी हॉलमध्ये स्पीकरवर लावली. मुलगा आतल्या खोलीत अभ्यास करत होता, काही न बोलता उठून सरळ गॅलरीत गेला आणि खाली वाकून बघायला लागला.

देखावेवाला_सांगली

ताई ती फाइल मला पाठवा, जरा लांबवून मिळाली तर अजून बरं, वीस सेकंद तरी. यंदा यानाचं दार करतोय, या वेळी मोटार लावणार नाही, दोरीवरच, दारामागं मी बसणार. आवाजाचंच अडलं होतं.